काळी-पिवळी की अ‍ॅपची कॅब? मुंबईत भाडं ताडून बघताना या चुका टाळा

अ‍ॅपवर दिसणारा आकडा रुपयांत असतो आणि टॅक्सीच्या मीटरवर पडणाराही, म्हणून आपण दोन्ही शेजारी ठेवतो आणि लहान असेल तो निवडतो. पण अ‍ॅपचा आकडा गाडी येण्याआधीचा असतो आणि मीटरचा उतरतानाचा. मधल्या वेळात टोल, सिग्नल, पाऊस, चुकलेलं वळण आणि चालकाचा 'कहाँ जाना है' असं बरंच काही घडतं. मुंबईत तुलना चुकते ती बहुतेक वेळा या मधल्या भागात.

मीटरचा दरच ठाऊक नसणं

अ‍ॅपवर २४० रुपये दिसले की आपण 'महाग आहे' म्हणतो, पण कशाच्या मानाने महाग, ते सांगता येत नाही. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे, पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये. रिक्षाचं किमान २६, पुढे १७.१४. ऑक्टोबर २०२२ चा २८ आणि २३ चा दर अजून अनेकांच्या तोंडात आहे आणि त्यावरून टॅक्सीवाल्याशी विनाकारण वाद होतात.

पहिला टप्पा वेगळा, पुढचा वेगळा असा हिशेब मांडत बसायची गरज नाही. २०.६६ ला दीडने गुणलं की ३१ च येतात. म्हणजे एकूण किलोमीटरला थेट २०.६६ ने गुणलं तरी चालतं. दहा किलोमीटरला २०७, पंधराला ३१०. नकाशावर अंतर बघायचं, विसाने गुणायचं, वर थोडे चढवायचे. रिक्षाला सतराने. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्यावर २५ टक्के, म्हणजे २०७ चे २५८ होतात. रात्री साडेबाराला उतरताना 'मीटरपेक्षा जास्त मागतोय' म्हणून भांडण्याआधी घड्याळ बघा. तो बरोबर असतो.

आता अ‍ॅपकडे वळा. तिथे कंपनीचं किमान भाडं, वर तिचे आकार आणि ५ टक्के जीएसटी असतो. रस्त्यावर हात दाखवून थांबवलेल्या मीटरच्या टॅक्सीला किंवा रिक्षाला जीएसटी नाही, पण तीच रिक्षा अ‍ॅपवरून बोलावली की लागतो. त्यामुळे सीएसएमटीहून गेटवेला जायचं, अंतर सुमारे अडीच किलोमीटर, मीटर पन्नाशीच्या आसपास, तर फोन खिशातच राहू द्या. दक्षिण मुंबईतल्या छोट्या अंतराला काळ्या-पिवळीशी अ‍ॅपने बरोबरी करणं अवघड आहे. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जायचं असेल तर दोन्ही विसरा आणि शेअर टॅक्सीच्या रांगेत उभे राहा.

उपनगरात तुलना करताना रिक्षा विसरणं ही याचीच जुळी चूक. अ‍ॅपची कॅब विरुद्ध टॅक्सी असा सामना मांडला जातो, पण अंधेरी-मुलुंडच्या माणसाचा खरा पर्याय रिक्षाच असतो. तिची हद्द पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन. वांद्र्याहून दादरला निघालात तर रिक्षा नाही, आणि नेमकं तिथे अनेकजण रिक्षाच्या दराच्या अपेक्षेने टॅक्सीचं मीटर बघतात.

समुद्राने आखून दिलेला रस्ता न बघणं

मुंबई लांबट आणि चिंचोळी. उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते मोजकेच, त्यातले काही थेट पाण्यावरून. त्यामुळे इथे भाड्यात सगळ्यात मोठा फरक कंपनीपेक्षा रस्त्याने पडतो.

वांद्रे-वरळी सी लिंकचा एका वेळचा टोल मोटारीला १०० रुपये आहे, एप्रिल २०२४ पासून. वांद्र्याहून मरीन ड्राइव्हला पंधरा किलोमीटर धरले तर मीटर ३१० आणि वर हे शंभर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. अ‍ॅपवर दिसणाऱ्या भाड्यात टोल धरलेला आहे की नंतर चढणार आहे, हे भाड्याच्या तपशिलात दिसतं. तो तपशील उघडून न बघता टोलसकटचा एक आकडा आणि टोलविनाचा दुसरा यांची तुलना केली जाते आणि 'अ‍ॅप महाग' किंवा 'टॅक्सी महाग' असा निकाल लागतो. दोन्हीकडे एकच रस्ता धरा, मगच आकडे बघा.

सी लिंक आणि वरळीहून मरीन ड्राइव्हला जाणारा कोस्टल रोड यांची गल्लतही नेहमीची. दोन्ही आता एकमेकांना जोडलेले आहेत, गाडी एका दमात एकावरून दुसऱ्यावर जाते, त्यामुळे दोन्हीला टोल आहे असं वाटतं. कोस्टल रोडला टोल नाही. घाई नसेल तर माहीम, शिवाजी पार्क करत वरळीला या आणि तिथून कोस्टल रोडला लागा. शंभर रुपये वाचतील, वीसेक मिनिटं जातील, संध्याकाळी जास्तही. सकाळी नऊला ऑफिस गाठायचं असेल तर मी हा सल्ला पाळणार नाही. रविवारी मात्र नक्की.

टॅक्सीत बसताच 'सी लिंक से जाऊँ?' असं विचारलं जातं. त्याचं उत्तर टोलसकट द्यायचं. नुसतं 'हो' म्हणालात की टोल तुमचा, हे मान्य केल्यासारखंच आहे. अ‍ॅपच्या गाडीत उलटा घोळ होतो. टोल बिलात आधीच धरलेला असतो, फास्टॅगमधून कापलाही जातो, आणि उतरताना तो पुन्हा रोख मागितला जातो. बिल उघडून दाखवलं की प्रश्न मिटतो, आवाज चढवावा लागत नाही.

शिवडीहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या अटल सेतूवर हा आकडा आणखी मोठा: एका फेरीला २५०, परतीसह ३७५. नवी मुंबई किंवा उरणकडे जाताना चालक परतीचा टोलही मागतो, कारण रिकामं परत यावं लागेल असं त्याचं म्हणणं. त्याच कारणाने परतीचं अर्धं भाडंही मागितलं जातं, टॅक्सीवाल्यांच्या भाषेतला 'हाफ रिटर्न'. मीटरच्या नियमात तो बसत नाही, पण तो सोडून दुसरी गाडी मिळणार नसेल तर निघण्याआधीच एकूण रक्कम ठरवून घ्या. वाशी, ऐरोली, मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर मात्र हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे. तिथला टोल कुणी मागितला तर तो देण्याचं कारण नाही.

पाऊस आणि भरती

जुलैत दुपारी धो धो पाऊस लागला आणि त्याच वेळी मोठी भरती आली तर समुद्रात सोडलेल्या नाल्यांचं पाणी बाहेर जात नाही. हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे ही नावं मग बातम्यांत येतात. त्याच तासाला अ‍ॅपचा दर चढतो. कारण सोपं आहे: मागणी वाढते, गाड्या पाण्यात अडकतात आणि असलेल्या गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात.

चूक होते ती त्या क्षणीचा दर बघून 'अ‍ॅप नेहमीच लुटतं' असं ठरवण्यात. किंवा उलट, कोरड्या दुपारचा दर मनात धरून पावसात निघण्यात. भरतीच्या वेळा आणि लाटांची उंची महापालिका आधीच जाहीर करते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आहेत असं दिसलं तर अर्धा-पाऊण तास आधी निघा किंवा थांबा. दर किती चढू शकतो याला कागदावर मर्यादा आहे: केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत, राज्याच्या २०२५ च्या धोरणात दीडपट. मीटरला असं काही लागू नाही, त्यामुळे पावसात काळी-पिवळी मिळाली तर ती सोन्यासारखी. अडचण फक्त 'मिळाली तर' या दोन शब्दांची आहे.

पावसात मीटरचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडी उभी असताना मीटर थांबत नाही, थांबल्याचा वेळ त्यात धरला जातो. अ‍ॅपचं आधी ठरलेलं भाडं साधारण कोंडीचा वेळ पोटात घेतं, पण रस्ता किंवा ठिकाण बदललं तर तेही वाढतं. म्हणून तुंबलेल्या रस्त्यावर अंतरावरून काढलेलं मीटरचं गणित खालच्या बाजूला चुकतं. तासभर कोंडी दिसत असेल तर मीटरचा अंदाज सढळ हाताने वाढवून मग अ‍ॅपशी ताडा.

एकच प्रवास, पण वेगळी पिन

जानेवारी २०२५ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगवेगळं भाडं दाखवल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा पाठवल्या. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारला. तेव्हापासून घरातले दोन फोन शेजारी ठेवून दर बघायची सवय अनेकांना लागली. बघायला हरकत नाही, पण आधी पिन, म्हणजे नकाशावरची गाडी बोलावायच्या जागेची खूण, सारखी आहे का ते बघा. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला पिन पडली तर गाडी पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन येते आणि दोन-तीन किलोमीटर वाढतात. फोनच्या कंपनीपेक्षा रस्त्याची बाजू भाडं जास्त बदलते, असं माझं मत. शिवाय दोन्ही फोनवर त्याच मिनिटाला बघा. पाच मिनिटांनी बघितलेला दर हा वेगळाच दर असतो.

गाडी पटकन मिळावी म्हणून आधीच टिप द्या, असा पर्याय काही अ‍ॅप दाखवतात. मे २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने त्यावरून उबरला नोटीस दिली. तुलना करताना ती टिप भाड्यातच धरा. वीस-तीस रुपये टाकल्याशिवाय गाडी येत नसेल तर स्क्रीनवरचं भाडं हे खरं भाडं नव्हे.

एसी

साध्या काळ्या-पिवळीची तुलना अ‍ॅपच्या एसी गाडीशी करायची आणि मग अ‍ॅप महाग म्हणायचं, हे बरोबर नाही. निळ्या-चंदेरी कूल कॅबचं किमान भाडं ४८ आहे, तुलना तिच्याशी व्हायला हवी. आणि अ‍ॅपच्या गाडीत एसी लावायला नकार मिळाला तर ती तुलनाही गेली.

विमानतळ आणि टर्मिनस

विमानतळावर सोडायला आणि विमानतळावरून आणायला एकच भाडं पडत नाही. आणतानाच्या अ‍ॅपच्या बिलात विमानतळाचे आकार चढतात. म्हणून जातानाच्या भाड्यावरून येतानाचा अंदाज बांधू नका. प्रीपेड काउंटरवर भाडं आधी भरायचं असतं आणि तिथे घासाघीस नाही, त्यामुळे पहाटे सामान आणि लेकरं घेऊन उतरलेल्या माणसाला तेच बरं. सामान कमी असेल तर आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ आता पूर्ण धावते, दोन्ही टर्मिनलजवळ तिची स्थानकं आहेत आणि पूर्ण मार्गाचं तिकीटही ७० रुपये आहे. मेट्रोने चर्चगेटपर्यंत या आणि शेवटचे दीड किलोमीटर टॅक्सीने जा. ही जोडी टॅक्सी-कॅब वादात कुणी मांडतच नाही.

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला किंवा वांद्रे टर्मिनसला फलाटावरच 'कहाँ जाना है' विचारणारी मंडळी भेटतात. त्यांचा आकडा आणि अ‍ॅपचा आकडा यांची तुलना करू नका. ते मीटरचं भाडं नाही.

हे सगळं गणित गोव्यात तसंच्या तसं नेऊ नका, हेही सांगायला हवं. तिथे ओला-उबर चालत नाहीत. २०१८ पासून गोवा माइल्स हे अ‍ॅप आहे आणि टॅक्सी संघटनांचा त्याला विरोधही तितकाच जुना. मोपा आणि दाबोळी या विमानतळांहून कदंब या सरकारी महामंडळाच्या बसगाड्या सुटतात, आधी त्यांच्या वेळा बघा.

भाडं नाकारणं आणि कॅन्सल करणं

स्वस्त पर्याय आलाच नाही तर तो स्वस्त नव्हता. संध्याकाळी बीकेसीहून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून, गाडी शोधणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. अ‍ॅपवरचा चालक फोन करून ठिकाण आणि 'कॅश या ऑनलाइन' विचारतो, मग गाडी जागची हलत नाही. तुम्ही कंटाळून कॅन्सल करावं, म्हणजे दंड तुमच्या माथी, हा डाव. अशा वेळी ठिकाण अ‍ॅपच्याच चॅटमध्ये लिहून पाठवा, थोडं थांबा आणि कॅन्सल करताना 'चालक येत नाही' हे कारण निवडा. विनाकारण कॅन्सल करणाऱ्याला, मग तो चालक असो की प्रवासी, भाड्याच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १०० रुपये दंड, असं केंद्राच्या सूचनांत आहे. कारण नोंदलेलं असेल तर लावलेला दंड परत मागता येतो.

काळ्या-पिवळीने भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा लिहून आरटीओकडे तक्रार करा. मीटर पळतोय असा संशय आला तर फोनवर नकाशा चालू ठेवा आणि उतरताना अंतर ताडा. दोनशे-तीनशे मीटरचा फरक सोडून द्या. दीड-दोन किलोमीटरचा असेल तर मीटरचा आणि नकाशाचा फोटो काढून तो तक्रारीला जोडा. अ‍ॅपच्या बाबतीत गाडी बुक करतानाचा स्क्रीनशॉट हाच पुरावा, कारण प्रवास संपल्यावर तो जुना आकडा दिसेलच असं नाही.