काळा घोडा पायी फिरताना आधी जेवा, मग चित्रं बघा

मुंबईत काळा घोड्याला येणारे बहुतेक लोक अकराला जहांगीर आर्ट गॅलरीत शिरतात, दुपारी दोनला भुकेने बेजार होऊन बाहेर येतात आणि समोर दिसेल त्या महागड्या कॅफेत सँडविच खाऊन परततात. या भागातलं खरं खाणं मागच्या फोर्टात, म्हणजे ऑफिसांच्या भागात आहे. ते ऑफिसच्या वेळेवर चालतं, गॅलरीच्या नाही. म्हणून क्रम उलटा लावायचा: सकाळी सीएसएमटीपाशी न्याहारी, बाराच्या ठोक्याला फोर्टात जेवण, उन्हाच्या वेळी गॅलऱ्या, आणि संध्याकाळी काळा घोडा किंवा कुलाबा.

वार नीट निवडा. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. सोमवारी नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट बंद असते. रविवारी फोर्टातली ऑफिसं बंद, म्हणून त्यांच्या जिवावर चालणारी कितीतरी लंच होम आणि इराणीही बंद. रस्ते मोकळे आणि सुंदर, पण पोट रिकामं. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल असतो (१९९९पासून). त्या दिवसांत शनिवार-रविवारी संध्याकाळी इथे बसायला जागा मिळेल ही आशाच सोडा. फोर्टात खाऊन मगच गर्दीत शिरा. आणि जुन्या जागा कुणाला न सांगता दुरुस्तीला, लग्नाला, नवरोजला बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी एक फोन करावा.

मध्य किंवा हार्बर रेल्वेने येणाऱ्यांना सीएसएमटी सोयीचं. पश्चिमेकडून येणाऱ्यांनीही शक्य असेल तर इथूनच सुरुवात करावी. मेट्रो ३ची स्टेशनं सीएसएमटी आणि हुतात्मा चौक दोन्हीकडे आहेत. सीएसएमटी ते काळा घोडा हे अंतर साधारण दीड किलोमीटर, न थांबता वीस मिनिटं. दादाभाई नौरोजी रोडवर इमारतींच्या कमानींखालचा फूटपाथ धरा. हुतात्मा चौकापर्यंत बराचसा रस्ता सावलीत जातो, पावसातही डोकं कोरडं राहतं. पदपथावर फेरीवाल्यांच्या टपऱ्या असतात, म्हणून चारजणांनी एका रांगेत हात धरून चालायचं ठरवू नका.

माणसं किती हेही महत्त्वाचं. तीन किंवा चार ही उत्तम संख्या. दोघांना तीन ठिकाणी खाता येतं, चौघांना पाच. नियम एकच: जेवण सोडून कुठेही डोई एक प्लेट मागवायची नाही. चौघांत दोन प्लेट, संपल्या की पुढे. सगळा बेत फसतो तो पहिल्याच थांब्यावर, कारण सकाळी भूक खरी असते आणि पुऱ्या गरम असतात.

त्या पुऱ्या म्हणजे स्टेशनसमोर पेरीन नरिमन स्ट्रीटवरच्या पंचम पुरीवाल्याच्या. बटाट्याची रस्साभाजी, ताटात फुगलेल्या पुऱ्या, बसायला बाकडी. दोघांत एक प्लेट. तळण नको असेल किंवा मराठी चव हवी असेल, तर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीतलं आराम: वडापाव, साबुदाणा वडा, आणि उन्हाळ्यात पियुष. या दोन्हींपैकी एकच निवडा. पियुष दाट असतं, ते पुऱ्यांवर प्यायलं की दुपारच्या जेवणाचा निकाल तिथेच लागतो.

दहा-सव्वादहाला इराणी चहा. कावसजी पटेल स्ट्रीटवर याझदानी बेकरी आहे. ती बंद दिसली तर फोर्टात दुसरा इराणी सापडतो. काय मागवायचं ते आधी ठरवून जा, कारण गल्ल्यावरच्या माणसाला मेनू वाचून दाखवायला वेळ नसतो. ब्रून म्हणजे बाहेरून टणक, आतून मऊ पाव. बन म्हणजे गोडसर, मऊ. ब्रून-मस्का (लोणी लावलेला ब्रून) घेतला की तो चहात बुडवूनच खायचा. नुसता चावलात तर टाळू सोलते आणि पहिल्यांदा खाणारे "शिळा आहे" असा शेरा मारतात. तो शिळा नसतो, तसाच असतो. बुडवताना दोन सेकंद पुरे. जास्त ठेवलात तर मस्का चहावर तरंगतो. टेबलं मोठी असतात, अनोळखी माणूस समोर येऊन बसतो, त्यात गैर काही नाही. खारी, मावा केक घरी न्यायला घ्या, इथे खायला नको.

आता साडेअकरापर्यंत वेळ आहे तो हॉर्निमन सर्कलची बाग आणि आजूबाजूच्या इमारती बघण्यात घालवा. भूक लागायला तेवढी पायपीट हवीच.

जेवणाला बारालाच बसा. पावणेएकला ऑफिसं सुटतात आणि सव्वादोनपर्यंत वेटर तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. दोन रस्ते आहेत.

पहिला, पारशी. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३पासून आहे आणि ते मुळात दुपारचंच ठिकाण आहे. रात्रीचा बेत तिथे आखू नका. तिथला बेरी पुलाव इराणी झरिश्कचा, आंबट-लाल दाण्यांचा. एक प्लेट दोघांना आरामात होते, सोबत एक साली बोटी घ्या (मटणाच्या रश्श्यावर बटाट्याच्या काड्या), आणि रास्पबेरी सोडा. काड्या लगेच कालवू नका, नरम पडतात. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. तीनच्या पुढे गेलात तर हवं ते संपलेलं असण्याची तयारी ठेवा, आणि खिशात रोख असू द्या. हॉर्निमन सर्कलजवळचं जिमी बॉय हा दुसरा पर्याय: लग्नातल्या भोणूची (पारशी जेवणावळीची) थाळी तिथे मिळते, पात्रानी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेला मासा) त्यातच येते. धानसाकही (डाळीत शिजवलेलं मटण) मागता येतं, पण ते जड असतं. त्यानंतर तीन गॅलऱ्या बघायच्या असतील तर टाळा.

दुसरा, मासे. कावसजी पटेल स्ट्रीटवरचं महेश लंच होम किंवा हॉर्निमन सर्कलमागचं अपूर्वा. दोन्ही मंगळुरी, मालवणी नाहीत, आणि इथेच मराठी माणसाचा घोळ होतो. गस्सी म्हणजे आपलं कालवण नव्हे: बेडगी मिरची, चिंच आणि बारीक वाटलेलं खोबरं, त्यामुळे ती दाट आणि आंबूस असते. ती भाताऐवजी नीर डोशाबरोबर खा. तांदळाचे ते पातळ डोसे रस्सा शोषून घेतात. चौघांना एक गस्सी, एक तव्यावरचा मासा, एक प्लेट तिसऱ्या (शिंपल्या) आणि आठ-दहा नीर डोसे पुरतात. डोसे एकदम मागवू नका, गार झाले की चिवट होतात. मेनूकार्ड उघडण्याआधी "आज ताजं काय?" विचारा आणि "आजचा दर" लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा आकडा तोंडी विचारून घ्या. यात लाज कसली? शेजारच्या टेबलावरचा वकीलही तेच विचारतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत पापलेट, सुरमई बहुधा बर्फातली. तव्यावर भुगा होऊन पडतात. तेव्हा खाडीतली कुर्ली (खेकडा) बरी. श्रावणात मात्र या हॉटेलांत जागा पटकन मिळते, पाळत नसाल तर फायदा घ्या.

शाकाहारींसाठी काळा घोड्यालाच चेतना आहे, थाळीसाठी. थाळीत वाढपी थांबत नाहीत, म्हणून वाटीवर हात ठेवायला शिका. गोड पहिल्याच फेरीत घेऊ नये.

दीडनंतर दक्षिणेकडे चला. १९५२ सालचं जहांगीर, समोर नॅशनल गॅलरी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, थोडं आत १८८४चं निळं सिनेगॉग. वस्तुसंग्रहालय आणि नॅशनल गॅलरी सहाच्या सुमारास बंद होतात, जहांगीर सातला. म्हणून जहांगीर शेवटी. तिथलं समोवार कॅफे शोधू नका, ते २०१५ साली बंद झालं. चारच्या चहाला कॅफेंची कमतरता नाही, पण तिथे कॉफीच घ्या. केकच्या किमतीत फोर्टात दोघं जेवतात.

मधल्या वेळी भूक लागलीच तर रस्त्यावरचं सँडविच. हिरवी चटणी, लोणी, बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, वर मसाला. जिथे भाजी तुमच्यासमोर कापतात तिथेच थांबा. डब्यात आधीच कापून ठेवलेली काकडी पाणी सोडते आणि पाव गिचका होतो. पावसाळ्यात टोस्टच मागा, आणि बर्फाची सरबतं वर्ज्य.

रात्रीसाठी खर्च करायचा असेल तर काळा घोड्याचं त्रिश्ना, बटर-पेपर-गार्लिक खेकड्यासाठी. जागा आधी राखून ठेवा, शुक्रवार-शनिवार तर नक्कीच. खेकडा आकारानुसार लावतात, म्हणून मागवण्याआधी वजन आणि किंमत विचारा, जमलं तर बघून निवडा. दोघांत एक मोठा खेकडा पुरे. कवच स्वयंपाकघरातूनच फोडून आणायला सांगा, नाहीतर अर्धा वेळ हत्यारं चालवण्यात जातो आणि लोणी थिजतं. कोकणात अमावस्येच्या सुमारास कुर्ल्या भरलेल्या असतात असं म्हणतात. वेटरला विचारून बघा, मंगळुरी असला तर तोही मान डोलावेल. या लोण्यापुढे दुसरं काहीच लागत नाही, म्हणून बरोबर साधा मासा किंवा भाजी घ्या, दुसरा मलईचा पदार्थ नको.

स्वस्तात भागवायचं तर काळा घोड्याच्या मागच्या गल्लीत रात्री अयुबचे रोल, किंवा दहा-पंधरा मिनिटं चालत कुलाब्याला कबाबांसाठी बडेमियाँ. दोन्हीकडे साडेनऊनंतर रेटारेटी असते, आठलाच पोचा. बसून बिअर हवी असेल तर कॅफे माँडेगार: भिंतींवर गोव्याच्या मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, म्हणजे गॅलरीचा शेवटचा मजला समजा.

परतीला चर्चगेट असेल तर वीर नरिमन रोडने ब्रेबॉर्न स्टेडियमपाशी के. रुस्तम. दोन वेफरच्या मधे आईस्क्रीमची जाड वडी देतात. दुकानाबाहेरच उभं राहून, कडेकडेने, पाच मिनिटांत संपवा. ट्रेनमध्ये खायचं म्हणून घेतलंत तर स्टेशनच्या पायऱ्यांवर मनगटापर्यंत ओघळ येतात.