वर्गाचा गट काढण्यापूर्वी शिक्षकाने काय तोलावे

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी पालक विचारतो, "गुरुजी, वर्गाचा व्हॉट्सॲप गट केव्हा काढता?" होकार देण्यापूर्वी शिक्षकाने एका कागदावर दोन रकाने आखावेत: या वापराचा फायदा कोणाला आणि काही बिघडले तर ते भोगणार कोण. समाजमाध्यमे सरसकट चांगली की वाईट, हा वाद त्याने मिटत नाही; मात्र फायदा एकाचा आणि भोग दुसऱ्याचा, असे जिथे दिसेल तिथे हात आखडता घ्यावा, एवढे नक्की कळते.

पालकांना सूचना देण्याचे काम या कसोटीला बहुतांशी उतरते. तरी घरात फोन एकच असतो आणि तो सकाळीच वडिलांसोबत वावरात जातो, त्यामुळे कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी पाठवलेला निरोप रात्री वाचला जातो. उद्याची सूचना आज संध्याकाळीच द्यावी, वाचता न येणाऱ्यांसाठी ती आवाजात पाठवावी आणि फोन नसलेल्या घरी चिठ्ठी न चुकता द्यावी. गटात प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो, ही गोष्ट विशेषतः आयांना अडचणीची ठरू शकते. म्हणून गटाऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. तिच्यात 256 जणांपर्यंत निरोप जातो आणि कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. फक्त पालकांनी शिक्षकाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला असावा लागतो. गटच हवा असेल तर केवळ ॲडमिनला लिहिता येईल, अशी सोय चालू करावी. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले की, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही. हा दिलासा खरा असला, तरी गावातले भांडण न्यायालयापर्यंत जाण्याची वाट पाहत नाही.

खरा पेच छायाचित्रांचा आहे. तान्ह्या पोळ्याला नटूनथटून लाकडी बैल घेऊन आलेली मुले पाहिली की फोन आपोआप वर जातो. परंतु त्या छायाचित्राने कौतुक शाळेचे होते, आणि चेहरा, गणवेश व गावाचे नाव एकत्र जाते ते मुलाचे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकाच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अपेक्षा ठेवतो. प्रवेश अर्जावरच्या एका सहीला कायमची परवानगी समजू नये; त्या कार्यक्रमापुरते, छायाचित्र कुठे दिसणार हे सांगून विचारावे. शक्यतो बैल, रांगोळी, हात किंवा पाठमोरी रांग टिपावी आणि नाव लिहू नये. वडिलांनी आत्महत्या केलेल्या घरातल्या मुलाला दप्तर देतानाचे छायाचित्र तर काढूच नये. देणाऱ्याने कितीही आग्रह धरला तरी, माझ्या मते, इथे मुख्याध्यापकांनी वाईटपणा घेतलेला बरा.

स्वतःच्या खात्याबाबत थोडक्यात: विद्यार्थ्यांच्या मैत्री-विनंत्या स्वीकारू नयेत. इन्स्टाग्रामवर किमान वय 13 असल्याने पाचवी-सहावीतल्या मुलाचे खाते बहुधा वय खोटे सांगूनच उघडलेले असते. तो विषय वर्गात सर्वांसमोर न काढता पालकांशी बोलावे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी राज्य शासनाने जुलै 2025 मध्ये काढलेला निर्णयही एकदा मुळातून वाचावा.

एखाद्या मुलाला कोणी धमकावत असल्यास संदेशांचे स्क्रीनशॉट, तारीख आणि खात्याची लिंक जपावी. मात्र मूल असलेले अश्लील चित्र समोर आले, तर पुरावा म्हणूनसुद्धा ते उतरवून घेऊ नये वा मुख्याध्यापकांना पुढे पाठवू नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब नुसार तेही गुन्ह्यात मोडते. केवळ लिंक व वेळ लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार हे कळवणे शिक्षकावर बंधनकारक आहे. मुलाला आधार हवा असल्यास 1098 ही बालक मदतवाहिनी आहे.