गड्डा न तोडता हळद खणायची कशी

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या काळ्या रानात हळद काढणी निघाली की नवी पोरं कुदळ डोक्यावर नेऊन घाव घालतात. संध्याकाळी बघावं तर निम्मी हळकुंडं कापलेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारातल्या सौद्यात ढिगात हात घालणारा व्यापारी तुमचाच माल बघतो. म्हणून कुदळ नीट चालवायला शिका.

सुरुवात रानापासून. पाला वाळला की जमिनीपासून बोटभर वर कापून घ्या. रान कडक असेल तर हलकं पाणी द्या आणि वाफशाची, म्हणजे ओल बेताची होण्याची, वाट बघा. मूठभर माती दाबून लाडू वळावा आणि टिचकी मारताच फुटावा. माती हाताला चिकटत असेल तर त्या दिवशी कुदळ उचलूच नका. चिखलात गड्डा, म्हणजे जमिनीतला हळदीच्या कंदांचा झुबका, मोकळा होत नाही, ओढताना त्याची बोटं, म्हणजे बाजूला फुटलेली हळकुंडं, तुटतात.

दांडा ढिला असेल तर नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, पाचर मारून घ्या. घावाबरोबर पातं निसटलं तर शेजारच्याचा पाय जाईल.

आता खरी गोष्ट. घाव गड्ड्याच्या अलीकडे नाही, पलीकडे घालायचा. गड्डा तुमच्या आणि पात्याच्या मध्ये राहिला पाहिजे. पाय फाकवून मागे ठेवा, खुंटापासून वीतभर लांब पातं सरळ खाली जाऊ द्या. कुदळ खांद्यापर्यंत उचलली तरी पुरे, तिचं वजनच माती फोडतं. पातं रुतलं की ओढू नका. दांडा हळूच वर, पुढच्या बाजूला उचला. पात्याचं टोक तुमच्याकडे येतं, ढेकूळ उलतं आणि अख्खा गड्डा मुळांसकट पायाशी येतो. नाही आला तर त्याच जागी जोर करू नका, बाजूला चार बोटं सरकून दुसरा घाव घाला. कमरेत वाकून खणण्यापेक्षा गुडघे मोडून खणा, दिवसभर पाठ टिकते.

मागून एकानं खोऱ्यानं माती ओढत यावं, आत राहिलेली बोटं वर येतात.

गड्डे दोन-तीन दिवस उन्हात तापू द्या, मग माती झाडून मोडणी करा, म्हणजे बोटं मोडून वेगळी करा. बेण्याचे, म्हणजे पुढच्या लागवडीसाठीचे, गड्डे मात्र त्यात मिसळू नका. घाव लागलेला गड्डा बेण्याला घेऊ नका, कूज तिथूनच शिरते. चांगले निवडून झाडाच्या सावलीत ढीग लावा आणि वर हळदीचाच पाला झाका.