डेटाबेस नव्या डिस्कवर हलवताय? एसईलिनक्सच्या या चुका टाळा

गळीत हंगाम ऐन भरात होता. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यातून रात्री फोन आला. "सर, काट्याचा प्रोग्रॅम उघडंना. ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत गेलीया." जुनी डिस्क भरत आली म्हणून तिथल्या मुलाने संध्याकाळी मारियाडीबी या डेटाबेसचा डेटा आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने नव्या डिस्कवरच्या /डेटा/मायएसक्यूएल मध्ये हलवला होता. मालकी बरोबर, परवानग्या बरोबर, कॉन्फिगमधला पाथही बरोबर. तरी सर्व्हिस सुरू करताना 'परमिशन डिनाइड', एरर १३.

इथे बहुतेकांचा हात आधी चमोड ७७७ कडे, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देण्याकडे जातो. त्याने काहीच सुटत नाही, कारण एसईलिनक्स या लिनक्समधल्या सुरक्षा यंत्रणेची तपासणी नेहमीच्या परवानग्यांपेक्षा वेगळी आहे. उलट नुकसान होतं: पोस्टग्रेस हा डेटाबेस तर इतकी उघडी डेटा डिरेक्टरी पाहून सुरूच होत नाही.

खरा प्रश्न लेबलचा, म्हणजे एसईलिनक्स प्रत्येक फायलीला लावतं त्या खुणेचा असतो. डेटाबेसच्या प्रोसेसला मायएसक्यूएलडी_डीबी_टी हे लेबल असलेल्या फायलींत लिहायची मुभा आहे. /वार/लिब/मायएसक्यूएल ला ते मिळतं, कारण पॉलिसीत, म्हणजे एसईलिनक्सच्या नियमावलीत, त्या पाथचा नियम आहे. रूटखाली, म्हणजे थेट / मध्ये, तुम्ही नवीन फोल्डर केलं तर त्याला डीफॉल्ट_टी मिळतं. फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएसला मोठ्या झेडचा पर्याय द्या, लेबल समोर दिसेल. ऑडिट लॉग शोधणाऱ्या ऑसर्चमध्ये 'एव्हीसी' (एसईलिनक्सचे नकार) आणि 'रिसेंट' मागितलं की गेल्या दहा मिनिटांतले नकार दिसतात. कारखान्यात तेच दिसलं: डीफॉल्ट_टी.

तोवर कुणीतरी सेटएनफोर्स ० करा, म्हणजे एसईलिनक्सचं अडवणं तात्पुरतं थांबवा, म्हणून सांगून गेलं होतं. निदानासाठी दोन मिनिटं ते चालेल. पण काटा सुरू झाला म्हणून तसंच सोडायचं, किंवा कॉन्फिगमध्ये कायमचं 'डिसेबल्ड' लिहायचं, हे मला अजिबात मान्य नाही. शेतकऱ्याच्या उसाचं वजन ज्या डेटाबेसमध्ये आहे, त्याच्या दारावरचा राखणदार आपण घरी पाठवतोय. शिवाय 'डिसेबल्ड' असताना तयार झालेल्या फायलींना लेबलच नसतं. नंतर पुन्हा चालू करताना सगळी सिस्टीम रीलेबल करावी लागते.

सीएचकॉनने थेट लेबल बदलायची चूक जास्त फसवी आहे. लेबल बसतं, सर्व्हिस सुरू होते, रीबूटनंतरही टिकतं. मग काही महिन्यांनी कुणी पॉलिसीप्रमाणे लेबलं पुन्हा लावणारं रिस्टोअरकॉन चालवतं आणि लेबल पुन्हा डीफॉल्ट_टी होतं, कारण पॉलिसीत नियम लिहिलेलाच नसतो. एमव्ही कमांडने हलवलेल्या डेटाचंही असंच. तो जुनं लेबल सोबत आणतो, म्हणून सगळं ठीक वाटतं.

तेव्हा आधी नियम, मग लेबल. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट या कमांडने पॉलिसीत नव्या पाथला मायएसक्यूएलडी_डीबी_टी नेमून द्या. पोस्टग्रेस असेल तर पोस्टग्रेएसक्यूएल_डीबी_टी. पाथच्या शेवटी (/.*)? ही शेपटी हवीच. ती विसरलात तर नियम फक्त फोल्डरला लागतो, आतल्या टेबलांना नाही. सेमॅनेज फायलींना हात लावत नाही, म्हणून त्यानंतर रिस्टोअरकॉन -आर -व्ही चालवा. आणि डिस्क माउंट झालीय ना, म्हणजे त्या फोल्डरवर जोडली गेलीय ना, हे त्याआधी बघा. नाहीतर लेबल खालच्या रिकाम्या फोल्डरला लागतं आणि खरा डेटा तसाच राहतो. सेमॅनेज सापडत नसेल तर पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स हे पॅकेज टाका.

नकारांवरून नवे नियम बनवणारं ऑडिट२अलाउ जे सुचवेल ते डोळे झाकून लोड करू नका. वरच्या प्रसंगात ते डेटाबेसला डीफॉल्ट_टी असलेल्या सगळ्याच फायलींची वाट मोकळी करून देईल.

एक प्रकार मात्र एसईलिनक्सचा नसतोच. डेटा /होम खाली ठेवला आणि ऑडिट लॉगमध्ये एकही नकार नाही, तर मारियाडीबीच्या सिस्टमडी युनिटमधलं, म्हणजे सर्व्हिस कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या फायलीतलं, प्रोटेक्टहोम तपासा. ते चालू असेल तर सर्व्हिसला /होम दिसतच नाही. अशा वेळी लेबलं बदलत बसण्यापेक्षा डेटा /होम मधून बाहेर काढा.