अलिबागला जाताय? आधी तिथी बघा

दोन दिवस अलिबागला जायचं ठरलं की लोक आधी खोली शोधतात. तुम्ही आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. माझं माहेर अलिबागचं. पाहुणे येणार म्हटलं की बाबा आधी विचारायचे, "त्या दिवशी तिथी कोणती?" कारण कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं मागे सरत नाही, ते दिवस टाळा. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी रविवारी येईल असं बघा. संकष्टी आली तर फारच छान, किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. माझी नणंद मुलांना घेऊन पौर्णिमेच्या भर दुपारी पोचली होती. समोर किल्ला आणि मध्ये कमरेच्या वर पाणी. धाकटा रडायलाच लागला.

शनिवारी दुपारपर्यंत पोचा. गेटवेहून मांडव्याला लाँच आहे, काहींच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बसही येते. पावसाळ्यात लाँच बंद असते आणि किल्ल्याची वाटही तेव्हा नकोच. राहायला आक्षी किंवा नागाव शांत.

रविवारी पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी वाळूत उतरा. पायात पट्ट्याच्या चपला हव्यातच, खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या लागतात. शिवाजी महाराजांनी 1680 साली हा किल्ला बांधायला घेतला, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचा तळ झाला. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे. चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा चुकवू नका. त्या यॉर्कशायरला ओतलेल्या आहेत आणि वरची इंग्रजी अक्षरं अजून बोटाला लागतात. घड्याळावर मात्र लक्ष असू द्या. पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात परतीच्या वाटेला लागायचंच.

उन्हाळ्यात गेलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील. कांद्याची मान दाबून बघा, ओलसर लागली तर ती माळ घेऊ नका. घरी आणल्यावर पिशवीत न ठेवता वारा लागेल अशी टांगा.