हाताने चालणारा जुना पेट्रोल पंप: माझा अनुभव

जुन्या बाजारातून आणलेल्या पंपाचा दांडा हलायचा, पण वरच्या काचेच्या नळकांड्यात थेंबही चढेना. या पंपाला वीज लागत नाही. पेट्रोल हाताने वर चढवायचं, गॅलनच्या खुणांवर मोजायचं (ब्रिटिश गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर) आणि नळीने गाडीत सोडायचं, ते आपल्याच वजनाने उतरतं. किती सुंदर रचना!

खोलल्यावर आतला चामड्याचा वॉशर पापडासारखा वाळलेला दिसला. मोच्याकडून नवा कापून घेतला, रात्रभर एरंडेलात मुरवला, बसवला. चाचणी बादलीभर पाण्यानेच घेतली.

जुन्या पाइपात पेट्रोलची वाफ उरलेली असू शकते, घरी वेल्डिंग करूच नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं; मास्क लावून ओल्या पॉलिश पेपरनेच घासा. रंगाआधी लावायचं, गंज रोखणारं रेड ऑक्साइड पुण्याच्या बोहरी आळीत मिळालं.