दिवेलागणीचा खो-खो : मावळत्या उजेडात वेगवान खेळाची छायाचित्रे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत संधिप्रकाशही ओसरतो. रेशीमबागेचे मैदान असो, मानकापूरचे क्रीडा संकुल असो किंवा एखाद्या शाळेचे पटांगण असो, मुले शाळा-कॉलेज आटोपून येतात तेव्हा खेळ याच वेळेला रंगात येतो. त्यामुळे खेळ सर्वांत वेगवान आणि उजेड सर्वांत कमी, अशा अवस्थेत आपल्याला काम करावे लागते. या लेखात मी खो-खोचे उदाहरण घेतले आहे, कारण संध्याकाळच्या छायाचित्रणाची खरी कसोटी पाहणारा याहून चांगला खेळ मला तरी ठाऊक नाही.

सर्वप्रथम शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते, ठरवावा आणि बाकीचे सारे त्याच्या मागे यावे. धावणारा खेळाडू सेकंदाला सहा मीटर वेगाने जात असेल, तर १/६० सेकंदात तो दहा सेंटीमीटर, १/१२५ सेकंदात सुमारे पाच सेंटीमीटर आणि १/५०० सेकंदात जेमतेम सव्वा सेंटीमीटर सरकतो. शिवाय सूर मारताना पुढे झेपावणारा हात धडापेक्षाही वेगाने जातो. म्हणून खो-खोसाठी १/५०० ही मी खालची मर्यादा मानतो आणि उजेड पुरेसा असेल तोवर १/१००० वर राहतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी लेन्समधील स्थिरीकरणावर विसंबून एक संपूर्ण सामना १/१२५ वर टिपला होता. घरी येऊन पाहिले तेव्हा खांब, प्रेक्षक आणि फक्कीच्या रेषा रेखीव आल्या होत्या, आणि खेळाडू मात्र एकूणएक पुसट होते. स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप थांबवते; समोरच्या माणसाची धाव त्याला थांबवता येत नाही.

शटर ठरल्यावर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, म्हणजे लेन्समधले उजेड आत सोडणारे छिद्र सर्वांत मोठे करावे; एफचा आकडा जितका लहान तितके हे छिद्र मोठे. येथे लेन्सचा फरक फार मोठा पडतो. मैदानावरच्या दिव्यांत एफ २.८ आणि १/५०० ला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ६४०० लागत असेल, तर कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम लेन्सच्या एफ ५.६ ला तेवढ्याच उजेडात २५६०० लागेल, आणि ८५ मिलीमीटर एफ १.८ या तुलनेने स्वस्त लेन्सला साधारण २५०० पुरेल. म्हणून पैसे मर्यादित असतील, तर आधी ५० किंवा ८५ मिलीमीटरची एफ १.८ लेन्स घ्यावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. खो-खोमध्ये मैदानाच्या रेषेजवळ उभे राहता येते, त्यामुळे दूरच्या लेन्सवाचून फारसे अडत नाही.

आयएसओ वाढवायला नवशिके घाबरतात आणि चित्र अंधारे ठेवून नंतर संगणकावर उजळण्याचा मार्ग धरतात. अंधाऱ्या चित्राची सावली उजळली की त्यातून दाणे आणि जांभळट डाग दोन्ही वर येतात; त्यापेक्षा मैदानावरच आयएसओ ६४०० ठेवून योग्य उजेडात टिपलेले चित्र बहुधा स्वच्छ दिसते. सूर्यास्तापासून दिवे पूर्ण तापेपर्यंत उजेड मिनिटागणिक बदलत असल्याने त्या काळात शटर आणि अ‍ॅपर्चर स्वतः ठरवून आयएसओ स्वयंचलित ठेवावा. आकाश काळे झाल्यावर मात्र कॅमेऱ्याचे मापन त्या काळ्या पार्श्वभूमीला भुलते आणि चेहरे पांढरे पडतात, म्हणून तेव्हा एका खेळाडूच्या चेहऱ्यावर चाचणी घेऊन तिन्ही आकडे पक्के करावेत.

आता उभे कुठे राहायचे, हा प्रश्न. मला तो कॅमेऱ्याच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर खेळाच्या नियमांत आहे. खो-खोत आठ खेळाडू मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या अरुंद पट्ट्यावर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय उलट फिरता येत नाही. याचा अर्थ असा की तो कोणत्या बाजूने, कोणत्या रेषेत आणि कोठवर धावणार हे आपल्याला आधीच कळते. बाजूच्या रेषेबाहेर बसलो तर आठांपैकी चौघांची तोंडे आपल्याकडे असतात. ‘खो’ त्या चौघांपैकी एकाला मिळाला की तो आपल्याच बाजूला उसळणार, हे नक्की. बसलेल्या गड्याच्या तळपायाची टाच जमिनीवरून सुटते, बोटे मातीत रुततात आणि मान उचलली जाते. त्या क्षणी बटण दाबले, तर उठण्याचा सारा जोर चित्रात येतो. आवाज ऐकून बटण दाबणाऱ्याच्या हाती मात्र पाठमोरा खेळाडू लागतो.

खांबाजवळची जागा वेगळ्या चित्रासाठी आहे. पाठलाग करणारा एका हाताने खांबाला धरून शरीर आडवे फेकतो आणि पळणाऱ्या गड्याला बाद करतो, तेव्हा त्याचे शरीर पूर्ण ताणलेले असते आणि क्षणभर त्याचा पुढे जाण्याचा वेग सर्वांत कमी असतो. उडी आणि वळण या दोन्हींत असा एक क्षण येतोच, आणि उजेड फारच कमी असेल तेव्हा तेथे १/३२० वरही रेखीव चित्र मिळते. खांबाच्या थोडे बाजूला, मैदानाच्या रेषेबाहेर, गुडघा टेकून बसावे. खालून पाहिल्यावर उडीची उंची दिसते आणि मागची गर्दी आकाशात विरते. अंधारात फोकस चाचपडू लागला, तर आधीच खांबावर फोकस करून तो तेथेच बांधून ठेवावा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलीमीटर, एफ १.८ आणि आठ मीटर अंतर असेल, तर पुढेमागे मिळून सुमारे एक मीटर जागा स्पष्ट राहते, तेवढी पुरते. इतर वेळी सतत (खेळाडूबरोबर सरकणारा) फोकस ठेवावा आणि तो कोऱ्या बनियनऐवजी पाठीवरच्या क्रमांकाच्या किंवा गळ्याच्या कडेवर धरावा, कारण फोकसला उजेडाइतकीच रंगांतील तफावतही लागते.

दिव्यांच्या लुकलुकीबद्दल फारसे कुणी सांगत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने जुने मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही. पण १/५०० चे शटर त्या चढउताराचा केवळ पाचवा हिस्सा टिपते, त्यामुळे सलग चार चित्रांत एक उजळ, एक पिवळट आणि दोन अंधारी येतात. कॅमेऱ्यात लुकलुक टाळण्याची सोय असेल तर ती चालू करावी. नसेल तर एका हालचालीची चार-पाच चित्रे सलग घ्यावीत. स्वस्त एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरमुळे चित्रात आडवे पट्टे उमटतात, म्हणून तेथे यांत्रिक शटरच वापरावे. फ्लॅश मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. धावत्या मुलाच्या डोळ्यांवर झोत पडला आणि तो खांबावर आदळला, तर त्याची भरपाई कोणत्याही चित्राने होत नाही.

उजेड इतका गेला की १/५०० शक्यच नाही, तर वेग थांबवण्याऐवजी दाखवावा. १/३० शटर ठेवून खेळाडूबरोबर कॅमेरा कमरेपासून फिरवत न्यावा, बटण दाबल्यावरही फिरणे थांबवू नये. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठच्या रस्त्यावर संध्याकाळी फूटपाथवर सुरक्षित उभे राहून जाणाऱ्या दुचाकींवर आठवडाभर हा सराव करावा. दुचाकीचा वेग एकसारखा असल्याने हाताला ताल लवकर सापडतो.

मोबाइलवर टिपणाऱ्यांनी नाइट मोड बंद करावा, कारण तो अनेक चित्रे एकत्र जोडतो आणि धावता माणूस त्यात विरघळतो. मुख्य कॅमेराच वापरावा, झूम टाळावा, आणि प्रो मोड असल्यास शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नये.

घरी चित्रे पाहताना रंगीत डाग आधी पूर्ण काढावेत. दाणे मात्र थोडेच कमी करावेत, नाहीतर गुडघ्यावरची माती, उडालेली धूळ आणि कपाळावरचा घाम त्यांच्याबरोबरच पुसला जातो. पडद्यावर शंभर टक्के मोठे केल्यावर खुपणारे दाणे ए-४ कागदावर छापलेल्या चित्रात हातभर अंतरावरून जवळपास दिसत नाहीत, म्हणून कोणते चित्र ठेवायचे याचा निर्णय छापील प्रतीवरून घ्यावा.